घाम तोच, गुण वेगळा

दिवाळी सरली की अमरावती-अकोल्याच्या वावरांत पऱ्हाटी पांढरीफेक होते आणि बाया वेचणीला निघतात. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर. बोटं आत घालून चार-पाच कप्प्यांतला कापूस एका ओढीत बाहेर काढायचा आणि झोळीत टाकायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, तिथे चिरा पडतात, दुसऱ्या दिवशी त्याच चिरांवर पुन्हा टोकं. खालची बोंडं वाकून, वरची उभ्यानं. झोळी जड झाली की धुऱ्यावरच्या ढिगाकडे जायचं, रिती करायची, परत तासाला लागायचं. संध्याकाळी काटा लागतो आणि मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे मध्ये बसलेली घटका थेट पैशांतून कापली जाते. घरी गेल्यावर पाणी, सरपण, चूल आहेच.

या बाईला कुणी म्हणालं, ‘बाई, रोज अर्धा तास व्यायाम करत जा,’ तर ती हसेल. दिवसभर हललेल्या शरीराला आणखी काय हलवायचं? मलाही हा सवाल अगदी रास्त वाटतो. पण शरीरशास्त्रानं गेल्या काही वर्षांत त्याला जे उत्तर दिलं आहे, ते थक्क करणारं आहे. घाम तोच असतो, हृदयाचे ठोकेही वाढतातच, तरी मेहनतीचा घाम आणि खेळाचा घाम शरीराच्या हिशेबात एका रकान्यात जमा होतीलच असं नाही.

या शास्त्राची सुरुवात बसमधून झाली. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरानं लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघे एकाच खात्याचे. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटं फाडणारा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर ड्रायव्हरांपेक्षा सौम्य. हालचाल हृदयाला वाचवते, हे आकड्यांनी दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा. तो कामावरच्या हालचालीचाच होता, हे ध्यानात असू द्या.

मग २०१८ साली गुंता झाला. १७ अभ्यासांतल्या जवळपास १ लाख ९४ हजार माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीची कामं करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांमध्ये तसं दिसलं नाही. संशोधकांत यावर अजून वाद आहे: कष्टकरी माणूस गरीब असतो, तंबाखू खातो, दवाखान्यात उशिरा जातो, म्हणून तर हा फरक दिसत नसेल? हे सगळं वजा करण्याचा प्रयत्न झाला, तरी काही अभ्यासांत फरक उरलाच. शिवाय हे अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत; वऱ्हाडच्या वावरात ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

तरी डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमन यांच्यासारख्या संशोधकांनी मांडलेली कारणं वाचताना डोळ्यांसमोर आपलं वावरच उभं राहतं. खेळात हृदय जोरात धडधडतं आणि लगेच विसावतं. त्या चढउतारातून ते तगडं होतं. आठ-दहा तासांच्या मजुरीत जोर तेवढा नसतो, पण ठोके तासन्‌तास चढलेले राहतात आणि रक्तदाबाला उतरायला उसंत मिळत नाही. खेळणारा दमला की थांबतो. मजुरी करणारा दमला की थांबू शकत नाही. स्नायू बळकट होतात ते कामात नव्हे, कामानंतरच्या विश्रांतीत आणि पोटभर जेवणात. आणि नेमक्या याच दोन गोष्टी तिच्या वाट्याला येत नाहीत.

याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शेतकाम, पाणी भरणं, धुणी या सगळ्याची मोजदाद झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं, की गरोदरपणात ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांची बाळं लहान जन्मली. त्याच अभ्यासमालेतून दुसरं आश्चर्य पुढे आलं. आपली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात, पण त्यांच्यात स्नायू कमी भरतो आणि चरबी त्या मानानं टिकून राहते. दिसायला कृश, आतून चरबीदार. पुढे याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा जोडफोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

आता हे धागे जुळवून बघा. आई गरोदरपणी वाकून निंदण करते, पोटात कमी जातं, बाळ लहान आणि कमी स्नायूंचं जन्मतं. तेच पोर मोठं होऊन शहरात येतं, गोदामावर रखवालदारी करतं किंवा ऑटो चालवतं, हालचाल थांबते, चहा-पोहे-तेल वाढतं. आणि चाळिशीच्या आत साखर. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासानं दिला. आरोग्याची विषमता म्हणजे दवाखाना लांब असणं एवढंच आपण समजतो. ती हालचालीच्या वाटपातही आहे. एका पिढीला नको तितकी हालचाल, पुढच्या पिढीला हवी तेवढीही नाही, आणि दोन्ही पिढ्यांना खेळ नाहीच.

मग खेळानं नेमकं होतं काय? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मानवी शरीरात याहून सुंदर गोष्ट मला फारशी माहीत नाही. रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत शिरायची तर इन्सुलिन लागतं, हे आपण ऐकून असतो. पेशीच्या आत ‘ग्लुट-४’ नावाची प्रथिनं साठवलेली असतात. इन्सुलिननं निरोप दिला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही. किल्ली फिरते पण कुलूप उघडत नाही. आणि चमत्कार असा, की स्नायू जोरात आकुंचन पावला की तीच प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता आपणहून वर येतात. निरोप वेगळ्याच वाटेनं जातो, आणि ती वाट मधुमेह्याच्या शरीरातही शाबूत असते. दहा-पंधरा जोर, एक हुतुतूचा डाव, टेकडीची एक चढण, आणि दंडामांड्यांतल्या असंख्य पेशी रक्तातली साखर ओढू लागतात. खेळ थांबल्यावरही पुढचा दिवसभर, कधी दोन दिवस, इन्सुलिनचा निरोप जरा जास्त नीट ऐकू येतो.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं हे मोठ्या प्रमाणावर तपासलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांत, नुसतं खाणं आणि चालणं-फिरणं सुधारून मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनं ते २६.४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे गोळी आणि चालणं जवळपास बरोबरीत!

स्नायू एवढ्यावर थांबत नाही. २००० साली कोपनहेगनमधल्या बेंटे पेडरसन यांच्या गटानं दाखवलं, की काम करणारा स्नायू स्वतः रक्तात रसायनं सोडतो आणि ती यकृतापर्यंत, चरबीपर्यंत संदेश नेतात. आपण ज्याला दंडाची बेटकुळी म्हणून मिरवतो, ती ग्रंथीसारखं कामही करते! आणि हाडं? फिनलंडमधल्या टेनिस-स्क्वॅश खेळणाऱ्या मुली-बायांच्या तपासणीत खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भरदार निघालं. ज्यांनी पाळी येण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांना हा फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या सुमारे दुपटीनं मिळाला होता. हाडं भरण्याचा काळ थोडा असतो. आणि आपल्याकडे मुलगी सातवी-आठवीत गेली की पहिली बंदी येते ती मैदानावर.

आता वळू या अमरावतीकडे, कारण या सगळ्या शास्त्राच्या कितीतरी आधी या गावानं एक तोडगा शोधून ठेवला आहे. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी इथे एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. नावातला ‘प्रसारक’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. गावोगावी तालमी होत्याच. पण तालमीत वस्ताद आपल्या पठ्ठ्यांना तयार करतो. वैद्य बंधूंनी शिकवणारे तयार करायचं ठरवलं. उन्हाळी सुटीत वर्ग लागायचे, ठिकठिकाणचे तरुण आणि शाळामास्तर यायचे, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, आसनं, कवायत शिकून आपापल्या गावी परतायचे. क्रांतिकारक शिवराम राजगुरूही या आखाड्यात शिकून गेले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि त्यानं हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, परदेशी प्रेक्षकांपुढे खेळून दाखवली. ध्यानचंदांनी हॉकीचं सुवर्ण आणलं तेच हे ऑलिंपिक. हॉकीचं आपल्याला आठवतं. वऱ्हाडातल्या पोरांचं किती जणांना ठाऊक असतं? १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या जागतिक व्यायाम महोत्सवातही मंडळाचं पथक होतं. पुढची अनेक दशकं मंडळ चालवणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक शाळांतले पीटीचे सर आणि मॅडम तिथून शिकून बाहेर पडले आहेत.

त्यांनी निवडलेले खेळ बघा. कबड्डीला १३ मीटर बाय १० मीटरचं मोकळं मैदान आणि चुन्याची फक्की पुरते. चढाई ३० सेकंदांची. त्या अर्ध्या मिनिटात हृदय पूर्ण वेगानं धावतं, मग दुसरा चढाईला जातो आणि श्वास जाग्यावर येतो, मग पुन्हा. जोर आणि विसावा यांची अशी अदलाबदल थोड्या वेळात सर्वाधिक गुण देते, हे आज शहरातल्या महागड्या जिममध्ये पैसे मोजून शिकवतात. मल्लखांब तर त्याहून विलक्षण. जमिनीत रोवलेला, वर निमुळता होत गेलेला सागाचा किंवा शिसवीचा खांब, त्याला एरंडेल चोळलेलं. पोरगं सलामी देतं, उडी घेतं आणि पायाची अढी मारून उलटं लटकतं, मग बगली, दसरंग, फिरकी. पकडायला मूठ नाही, टेकायला पायरी नाही. पावलापासून मानेपर्यंतचा प्रत्येक स्नायू त्या गुळगुळीत लाकडाला धरायला कामी लागतो, आणि उलट्या अवस्थेत कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा क्षणाक्षणाला नवा हिशेब करत असते. दोरीच्या मल्लखांबाला तर सुती दोर, वर टांगायला भक्कम आडवं, खाली माती किंवा गादी आणि जवळ उभा जाणता शिक्षक एवढंच लागतं. कापसाच्या मुलखात सुती दोर परका नाही. आज या दोरीवर मुली जे करून दाखवतात, ते बघून तोंडात बोट जातं.

शिकवणारा माणूस वस्तीपर्यंत पोचवायची ही कल्पना पुढे ब्राझीलमध्ये सरकारी धोरण झाली. रेसिफे शहरानं २००२ पासून गरीब वस्त्यांतल्या चौकांत आणि बागांत मोफत व्यायामवर्ग सुरू केले, आणि प्रत्येक ठिकाणी पगारी, शिकलेला प्रशिक्षक नेमला. वर्गाला येणाऱ्यांत बाया जास्त. अभ्यास झाले तेव्हा येणाऱ्यांची फुरसतीतली हालचाल न येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि २०११ मध्ये देशाच्या आरोग्य खात्यानं ती कल्पना उचलून धरली. आपल्याकडे चौकात लोखंडी ओपन जिम बसवली जाते, फीत कापली जाते आणि शिकवायला कुणीच नसतं. रेसिफेनं पैसा माणसावर खर्च केला. वैद्य बंधूंनीही तेच केलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: दहा यंत्रांपेक्षा एक शिकलेली, पगारी, गावातलीच प्रशिक्षिका जास्त आरोग्य देईल.

कारण इथल्या माणसाला हालचालीचं वावडं नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड बघा. पूर्णेचं पाणी आणायला हजारो तरुण रात्रीच गांधीग्रामला पोचतात आणि खांद्यावर भरण्यांच्या जड कावडी घेऊन सुमारे १८ किलोमीटर चालत राजराजेश्वराच्या मंदिरात येतात. शेगावच्या पायी वारीला तर म्हाताऱ्या बायाही निघतात. सोबत असली, कारण असलं आणि रस्त्यात पाणी देणारं कुणी असलं, की वऱ्हाडी माणूस चालतो. मेळघाटात कोरकूंचा गदली-सुसून हा नाच बायामाणसं रांगेत हात गुंफून तासन्‌तास नाचतात. आणि पहाटे अमरावती-अकोला महामार्गावर जाऊन बघा. त्याच्या कडेला पोलीस भरतीची पोरं-पोरी धावतात, मुलं १६०० मीटरच्या तयारीला आणि मुली ८०० च्या. ट्रक अंगावरून जातात तरी धावतात, कारण गावात पळायला सपाट जागा नाही. भरती झाली नाही की वय निघून जातं, आणि धावणंही सुटतं.

पण एक इशारा इथे द्यायलाच हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं कमी. अशी मुलगी दोन चकरांत धापा टाकते आणि आपण तिला आळशी म्हणतो. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात कुपोषणाशी झगडणाऱ्या घरांत व्यायामाचा उपदेश घेऊन जाणं म्हणजे जखमेवर मीठ. तिथे आधी ताट. आखाड्यातल्या जुन्या वस्तादांना हे पक्कं ठाऊक होतं: खुराक नसेल तर मेहनत अंगावर येते. गरोदर आणि स्तनदा आदिवासी मातांना रोज एक वेळ गरम जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात २०१५ पासून आहे, शाळांत दुपारचं जेवण आहे. खेळाचा तास या जेवणांना जोडूनच लागायला हवा, जेवणाच्या ऐवजी नव्हे. आणि ऊन? एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा खेळ सूर्य उगवायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.

त्या वेचणीच्या बाईला मग काय सांगायचं? तिला मी व्यायाम सांगणार नाही. तिला आधी विसावा मिळायला हवा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामाच्या जागी सावली, पिण्याचं पाणी आणि लहान मुलांना सांभाळायची सोय बंधनकारक केली होती; खाजगी वावरात तेवढी तरी सोय का नसावी? दुपारी तासभर बाभळीखाली पाठ टेकणं, गरोदर बाईला वाकण्याच्या कामातून सूट, वेचणीचा भाव असा, की बसलेल्या घटकेची धास्ती वाटू नये. तिच्या बाबतीत हाच आरोग्याचा कार्यक्रम. खेळ हवा तो तिच्या मुलीला, आत्ता, हाडं भरताहेत तोवर; आणि शहरात रखवालदारी करणाऱ्या तिच्या मुलाला, साखर चढायच्या आधी.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथल्याच मोझरीत बसून काम केलं आणि ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला एक अख्खा अध्याय दिला. गावाचं आरोग्य गावानं बघायचं, ही कल्पना या मातीला नवी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान सक्तीचं केलं आहे, आणि संध्याकाळी पाच वाजता बहुतेक मैदानांच्या फाटकाला कुलूप असतं. म्हणून तुमच्या गावच्या येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी मागा: त्या कुलपाची किल्ली, मुलींसाठी रोजचा राखीव तास, आणि त्या तासाला उभी राहणारी एक पगारी प्रशिक्षिका. आणि ठराव वहीत लिहिला गेल्याशिवाय खाली बसू नका.